उन्हाची साठवण

भारताचा नकाशा समोर ठेवून अगदी उत्तरेकडे पाहा. हिमालयाची मुख्य रांग ओलांडली, की लडाख नावाचा उंच आणि उजाड प्रदेश लागतो. लेह हे त्याचे मुख्य नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले, तरी त्याचा माथा लेहच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचणार नाही!

मौसमी वारे आपल्याजवळचे पाणी हिमालयाच्या दक्षिणेकडील उतारांवरच रिते करतात. त्यामुळे लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून अवघे दहा सेंटिमीटरांच्या आसपास पाणी मिळते. डोंगर उघडेबोडके, झाडे दिसतात ती फक्त ओढ्यांच्या आणि पाटांच्या कडेला. हिवाळा तर फारच कठोर. रात्री तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते आणि वाहत्या नद्यांवरही बर्फाची जाड साय धरते.

अशा थंडीत घर उबदार ठेवायचे, तर जळण हवे. परंतु जेथे झाडेच विरळ, तेथे लाकूड यावे कोठून? जी थोडी वाळुंजाची आणि पॉपलरची झाडे लोक जतन करून वाढवतात, ती घराच्या छपरासाठी लागतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या लडाखी कुटुंबे जनावरांचे शेण वाळवून जाळत आली आहेत. उन्हाळ्यात बायका आणि मुले दूरदूरच्या कुरणांतून शेण आणि काटक्याकुटक्या वेचून आणतात आणि घरांच्या सपाट छपरांवर जळणाच्या राशी रचून ठेवतात. हिवाळ्यात सारे कुटुंब शेगडीभोवती एकाच खोलीत बसते. थंडी आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात; त्यामुळे धूरही आतच कोंडतो. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, लहान मुले आणि वृद्ध खोकत राहतात. शिवाय जे शेण शेगडीत जाते, ते खत म्हणून शेतास मिळत नाही. एका शेगडीपायी किती गोष्टी खर्ची पडतात, पाहा!

रॉकेल आणि कोळसा बाहेरून आणता येतो. पण तो उंच घाट चढून आणावा लागतो, आणि मोठे हिमपात झाले की ते घाट बंद पडतात. विजेचे म्हणाल, तर लेह नगर २०१९ साली देशाच्या वीजजाळ्याशी जोडले गेले. परंतु डोंगरांच्या कुशीत लपलेल्या कित्येक वाड्यावस्त्यांपर्यंत त्या तारा अजून पोहोचलेल्या नाहीत. तेथील माणसांनी ऊब कोणाकडे मागावी?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या डोक्यावरच आहे. लडाखमध्ये ढग क्वचित दिसतात. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस तेथे स्वच्छ ऊन पडते. हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे ते ऊन चांगलेच प्रखर असते. भर हिवाळ्यात दुपारी अंगणात बसलेला माणूस उन्हाच्या कढाने आपला लोकरी अंगरखा सैल करतो. आणि त्याच वेळी चार पावलांवर सावलीत ठेवलेल्या बादलीतील पाणी गोठलेले असते. दिवसा दारात इतके ऊन आणि रात्री घरात इतका गारठा! दिवसाचे हे ऊन रात्रीसाठी राखून ठेवता आले तर? शेतकरी सुगीचे धान्य कणगीत भरून वर्षभर पुरवतो. तसे ऊन भरून ठेवण्याची कणगी करता येईल काय?

ती करता येते. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. घरालाच कणगी बनवायचे. त्यासाठी घराने तीन कामे करावयाची असतात: ऊन आत घेणे, ते साठवणे आणि साठवलेले जपून ठेवणे. ही तीन कामे कशी साधतात, ते आपण क्रमाने पाहू.

पहिले काम ऊन आत घेण्याचे. ते येते कोठून, हे आधी ठाऊक हवे. सूर्य पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो, हे आपण सांगतो; पण मध्यान्ही तो आकाशात कोठे असतो, याकडे आपले फारसे लक्ष नसते. मोकळ्या जागेत एक मीटर लांबीची काठी सरळ उभी रोवा आणि डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तिची सावली मोजा. पुण्यात ती उत्तरेकडे सुमारे नव्वद सेंटिमीटर पडेल. त्याच दिवशी लेहमध्ये ती दीड मीटरहूनही लांब पडते, कारण तेथे हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेच्या आकाशात बराच खाली असतो. जूनच्या अखेरीस मात्र लेहमध्ये त्याच काठीची सावली जेमतेम वीतभर उरते, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर आलेला असतो.

या साध्या निरीक्षणात मोठी किल्ली दडलेली आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे दक्षिणेकडील खिडकीतून त्याचे किरण तिरपे होऊन थेट खोलीच्या आतपर्यंत शिरतात. उन्हाळ्यात सूर्य वर असतो, म्हणून खिडकीवर एक लहानसा छज्जा असला तरी तो तिला सावली देतो. दोन मीटर उंचीच्या खिडकीवर अर्ध्या मीटरचा छज्जा काढला, तर लेहच्या जून महिन्यात दुपारी सारी खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात मात्र वरची जेमतेम तीस सेंटिमीटर पट्टी सावलीत जाते आणि बाकी सर्व खिडकी उन्हाने न्हाऊन निघते. छज्जा जागचा हलत नाही, कोणी त्यास उघडत वा मिटत नाही. तरी तो ऋतू ओळखून वागतो. हे शहाणपण फार जुने आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशातील तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस याने दक्षिणाभिमुख घराचे हेच गुण सांगितले होते, असे त्याचा शिष्य झेनोफन याने लिहून ठेवले आहे.

खिडकीला काच हवी. काच सूर्यप्रकाशाला वाट देते. आत आलेला प्रकाश जमिनीवर, भिंतीवर पडला, की त्या वस्तू तापतात आणि अदृश्य उष्णतेचे किरण बाहेर टाकू लागतात. या किरणांना मात्र काच आरपार जाऊ देत नाही. शिवाय आतली तापलेली हवाही ती अडवून धरते. १७६७ साली द सोस्युर या स्विस शास्त्रज्ञाने काचेचे झाकण असलेली एक पेटी तयार करून उन्हात ठेवली होती. तिच्या आतील उष्णता पाणी उकळण्याच्या बिंदूच्याही वर गेली! घराची काचेची खिडकी ही त्या पेटीचीच थोरली बहीण होय.

दक्षिणेकडे तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी खिडकी असली, तर स्वच्छ हिवाळी दुपारी तिच्यातून सुमारे चार किलोवॅट उष्णता आत येते. एक-एक किलोवॅटच्या चार विजेच्या शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तितकी ही ऊब. आणि तिच्यासाठी एक काडीही जाळावी लागत नाही.

आता दुसरे काम: साठवण. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर देवळाच्या दगडी फरशीवर तुम्ही अनवाणी चालला असाल. ऊन केव्हाच गेलेले असते, तरी तळव्यांना फरशी कोमट लागते. पत्र्याची पन्हळ मात्र तोवर थंडगार पडलेली असते. पत्रा पातळ आणि हलका, म्हणून तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. दगड जाड आणि जड. तो सावकाश तापतो, पण घेतलेली उष्णता तितक्याच सावकाश परत करतो. माती, वीट आणि पाणी यांचेही तसेच. म्हणून उन्हाची कणगी करावयाची, तर ती जड वस्तूची हवी. या बाबतीत लडाखी लोकांचे भाग्य असे, की जी वस्तू त्यांना सर्वांत स्वस्त मिळते, तीच या कामास उत्तम: मातीची जाड भिंत.

या भिंतीचा एक विशेष प्रकार आहे. १८८१ साली अमेरिकेतील एडवर्ड मोर्स याने त्याचे स्वामित्वपत्र घेतले होते; पण पुढे तो विस्मरणात गेला. १९६७ साली फ्रान्समधील फेलिक्स त्रोंब या शास्त्रज्ञाने आणि झाक मिशेल या वास्तुशिल्पज्ञाने पिरेनीज पर्वतातील ओदेयो या गावी तशा भिंतीचे घर उभारले. तेव्हापासून तिला ‘त्रोंब भिंत’ असे म्हणतात. पुढे हीच भिंत लडाखमधील अनेक घरांत आणि शाळांत बांधली गेली.

त्रोंब भिंतीची रचना अशी असते. घराची दक्षिणेकडील जाड भिंत बाहेरून काळ्या रंगाने रंगवतात, कारण काळा रंग प्रकाश परत न फेकता शोषून घेतो. तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काचेचे तावदान बसवतात. भिंतीच्या तळाशी आणि माथ्याशी लहान झरोके ठेवतात. सकाळी ऊन काचेतून काळ्या भिंतीवर पडले, की भिंत आणि काच यांमधली हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या झरोक्यातून खोलीत शिरते. तिची जागा घेण्यासाठी खोलीतील थंड हवा खालच्या झरोक्यातून त्या पोकळीत ओढली जाते. असा हवेचा रहाट दिवसभर आपोआप फिरत राहतो. त्याला बैल नको आणि विजेचा पंखाही नको.

दिवसा खोली अशी उबदार होते. मग रात्रीचे काय? दुपारभर भिंतीच्या बाहेरच्या अंगास बसलेली उष्णता मातीतून हळूहळू आत सरकत असते. वीत-दीड वीत जाडीची भिंत ओलांडावयास तिला आठ-दहा तास लागतात. दुपारी बाराला निघालेली ऊब रात्री नऊ-दहाच्या सुमारास भिंतीच्या आतल्या अंगाशी येऊन पोहोचते. म्हणजे जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हाच! मात्र एक दक्षता घ्यावी लागते. सूर्य मावळताच झरोक्यांची झाकणे लावून घ्यावी लागतात. ती उघडी राहिली, तर रहाट उलटा फिरू लागतो. खोलीतील उष्ण हवा वरच्या झरोक्यातून थंड काचेकडे जाते आणि निवून खालून परत येते. दिवसभर कमावलेली ऊब अशी एका विसराळूपणाने हातची जाते. झरोके लावण्याचे हे काम घरातील लहान मुलेही करू शकतात.

तिसरे काम साठवलेले जपण्याचे. गळक्या रांजणात कितीही पाणी ओतले, तरी तो भरत नाही. तसेच घराचे आहे. थंडीत आपण घोंगडी पांघरतो. घोंगडी का स्वतः उष्ण असते? नव्हे. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि स्थिर हवेतून उष्णता फार कष्टाने वाट काढते. त्यामुळे आपल्याच अंगची ऊब आपल्यापाशी राहते. घरालाही अशी घोंगडी लागते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या बाजूंच्या भिंती दुहेरी बांधून मधल्या पोकळीत पेंढा, लाकडाचा भुसा किंवा वाळलेली झुडपे ठासून भरतात. छपरातही तसाच थर घालतात. उत्तरेकडे खिडक्या मोजक्याच आणि लहान ठेवतात. रात्री काचांवर जाड पडदे सोडतात. फटी बुजवतात. उत्तरेकडील भिंत डोंगराच्या उतारात अर्धी पुरली, तर भूमीच तिची घोंगडी होते.

ही तिन्ही कामे एकत्र पाहावयाची असतील, तर लेहजवळ सिंधू नदीच्या काठी असलेल्या फे या गावी जावे. तेथे ‘सेकमोल’ या संस्थेचा विद्यालय-परिसर आहे. १९८८ साली लडाखमधील काही तरुणांनी ही संस्था स्थापन केली. परीक्षेत अपयशी ठरलेल्या मुलांना पुन्हा उभे करावे, हा तिचा एक मुख्य हेतू. तेथील इमारती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या आहेत. त्या पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत. हिवाळा आला, की दक्षिणेच्या बाजूस पारदर्शक प्लास्टिकच्या कापडाचा मांडव घालतात. हा मांडव दिवसा तापतो आणि आपली ऊब मागच्या खोल्यांना देतो. शिवाय त्याच्या आत हिरवी भाजीही वाढते. उन्हाळा आला, की कापड गुंडाळून ठेवतात. बाहेर तापमान शून्याखाली पंधरा अंश असताना या खोल्यांत ते शून्याच्या वर पंधरा अंशांच्या आसपास राहते. आत आणि बाहेर तीस अंशांचे अंतर, आणि तेही शेगडी न पेटवता! बोटे न गारठता लेखणी धरता येते, दिवसाउजेडी वाचता येते आणि खोलीत धुराचा लवलेश नसतो. मातीच्या उत्तम बांधकामासाठी दिला जाणारा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार येथील मोठ्या इमारतीस २०१६ साली मिळाला.

घरात ऊब आली, आता स्नानासाठी गरम पाणी हवे. त्याची युक्तीही तशीच आहे. काचेखाली काळ्या पत्र्याला जोडलेल्या नळ्या ठेवतात आणि पाण्याची टाकी त्यांच्यापेक्षा उंचावर बसवतात. नळ्यांतील पाणी तापून हलके झाले, की आपोआप वर टाकीत चढते आणि टाकीतील थंड पाणी खाली येते. आपल्याकडील शहरांतून इमारतींच्या गच्च्यांवर असे सौरबंब तुम्ही पाहिले असतील. लडाखमध्ये मात्र एक नवे संकट असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि बंद नळीत गोठले तर नळी फोडते. म्हणून अशा ठिकाणी नळ्यांतून सहसा न गोठणारा द्रव फिरवतात आणि त्याची उष्णता टाकीतील पाण्यास देतात. किंवा रात्री नळ्या रिकाम्या करून ठेवतात.

येथे कोणी विचारील, “सूर्यप्रकाशापासून वीज करणारी पॅनेले असताना एवढा खटाटोप कशाला? त्या विजेवर शेगडी पेटवावी, म्हणजे झाले!” याचे उत्तर हिशेबात आहे. अशी पॅनेले त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचीच वीज करतात. ती रात्रीसाठी ठेवायची, तर महागडे विद्युतघट लागतात. दिवा, पंखा, संगणक यांसाठी वीज हवीच, आणि त्यासाठी ही पॅनेले उत्तम. परंतु केवळ ऊब हवी असेल, तर उन्हाची वीज करून विजेची पुन्हा उष्णता करणे हा लांबचा फेरा आहे. काळी भिंत तेच काम सरळ करते, आणि तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

तथापि या घरांनाही मर्यादा आहेत. दोन-तीन दिवस सतत ढग राहिले, की कणगी रिती होऊ लागते. म्हणून लहानशी शेगडी जवळ असावीच लागते. काच मोलाची असते आणि डोंगरी वाटेने आणताना फुटते. घराच्या दक्षिणेस उंच कडा असेल, तर हिवाळ्यातील खालचा सूर्य त्याच्याआड जातो आणि सारी रचना व्यर्थ ठरते. म्हणून घर बांधण्यापूर्वी ती जागा हिवाळ्यात पाहून यावी लागते. तेथे ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे मोजावे लागते. या कामी गावातील वृद्ध माणसाचे बोल पुष्कळ उपयोगी पडतात, कारण त्याने तेथील उन्हाची वाट वर्षानुवर्षे पाहिलेली असते.

मग आपणही आपल्या घरांना दक्षिणेकडे मोठ्या काचा लावाव्यात काय? मुळीच नव्हे! कोकणात आणि विदर्भात वर्षाचा बराच काळ उष्णता घराबाहेर ठेवणे हेच खरे काम असते. तेथे काचेचे घर म्हणजे भट्टीच व्हायची. पण नियम तेच आहेत. ते फक्त उलटे वापरावयाचे. तेथे ऊब नको, म्हणून ऊन आत येऊ द्यायचे नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दुपारची उष्णता स्वतःत जिरवून आतली खोली थंड ठेवतात. खोल ओसरी आणि पुढे आलेली छपरे भिंतीवर ऊन पडू देत नाहीत. लडाखमधील घराने सूर्यास आत बोलवावे आणि नागपुरातील घराने त्यास ओसरीवरच थांबवावे, यातच दोघांचे शहाणपण आहे.

ऊन गरीब-श्रीमंत पाहत नाही. महालावर पडते, तसेच झोपडीवरही पडते. परंतु ते नुसते पडून जाते. ज्याने घराचे तोंड योग्य दिशेस केले, भिंत योग्य जाडीची बांधली आणि सायंकाळी आठवणीने झरोके लावले, त्याच्याच घरी ते रात्री मुक्कामास राहते. ज्या घरी ते राहते, तेथील आईला डोंगरावरून जळणाचे तेवढे भारे आणावे लागत नाहीत, तेथील आजोबांचा खोकला कमी होतो आणि शेतास खत मिळते. तुमच्या घराची दारे-खिडक्या कोणत्या दिशेस आहेत, डिसेंबरात त्यांतून ऊन कोठवर येते आणि मे महिन्यात कोठवर, हे या वर्षी एका वहीत टिपून ठेवा. घर बांधणारे लोक हीच माहिती सर्वांत आधी शोधतात.